मुठीत मावणारं पातं

१९७५ सालचा जानेवारी महिना. पुसेगावची जत्रा भरली आहे आणि तू अकरा वर्षांचा आहेस. विट्याकडच्या गावाहून आबांबरोबर आलायस. आबांना खिलार खोंड बघायचाय. ते अजून तुमच्या जिल्ह्याला दक्षिण साताराच म्हणतात. सांगली जिल्हा हे नाव १९६० सालचं, म्हणजे त्यांच्या लेखी कालपरवाचं. सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढतायत, धुळीत गोडीशेवेचा वास मिसळलाय. तुझं लक्ष मात्र कासरे, वेसणी आणि घुंगरमाळांच्या पलीकडं आहे. तिथं एक म्हातारा पोत्यावर चाकू मांडून बसलाय.

मिटवायचे चाकू आहेत ते. लाकडी मुठीचे, शिंगाच्या मुठीचे. त्यातच एक पितळी माशाच्या आकाराचा, पोटात पातं दडवून बसलेला. तू तोच उचलतोस. आबा तो तुझ्या हातातून घेतात, पातं उघडतात, अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवतात. धार असली तर पातं नखाला धरतं, नसली तर घसरतं. मग ते टिचकी मारून आवाज ऐकतात. घासाघीस होते. पैसे दिल्यावर आबा पातं मिटवून चाकू तुझ्यापुढं धरतात आणि म्हणतात, "कुणाला द्यायचा झाला तर मूठ म्होरं करून द्यायचा. आन धार कायम भाईर." एवढाच उपदेश. कापून घेशील, असं कुणी म्हणत नाही.

त्या रात्री तू चाकू करदोड्याला बांधून झोपतोस.

आता पुढचे महिने बघ. विटीची दोन्ही टोकं तासताना तुला कळतं की लाकडाच्या रेषेच्या उलट गेलं की पातं अडतं आणि रेषेबरोबर गेलं की लांबसडक सालपट निघतं. बेचकीसाठी फांदी निवडायला तू दुपार घालवतोस. फड्या निवडुंगाची लाल बोंडं दगडावर घासून, लव काढून मग उभी चिरायची, हे तुला गुराख्यांची पोरं शिकवतात. शाळेत गुरुजी अजून अक्षर वळवायला बोरू देतात. त्याचं टोक तिरकं छाटावं लागतं, तरच देवनागरीची उभी रेघ जाड आणि वळण बारीक येतं. वर्गात चांगला चाकू तुझ्याकडंच असल्यानं सगळ्यांचे बोरू तुझ्याकडं येतात. तुझ्या आयुष्यातलं हे पहिलं मानाचं काम.

एकदा बोट कापतंच. रक्त बघून तू घाबरतोस. बांधावरची बाई दगडीपाला हातावर चुरगळते, रस पिळते, पातळाची चिंधी बांधते आणि परत भांगलायला लागते. घरी कुणी चाकू काढून घेत नाही. मला राहून राहून वाटतं, त्या पिढीच्या पोरांना मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. हातात धारदार वस्तू द्यायची, एकदा सांगायचं आणि विश्वास ठेवायचा.

उन्हाळ्यात कैऱ्या कापून कापून पातं काळं पडतं. साधं पोलाद ते, आंबटानं डागाळणारच. आजी चुलीतल्या राखेनं घासायला लावते आणि वर गोडेतेलाचं बोट फिरवते. पण मुठीची खीळ ढिली झाली आहे, त्यावर तिच्याकडं इलाज नाही. गावाबाहेर घिसाड्यांचं पाल पडलंय, तिथं जा.

इथं जरा थांब. असं पोलादाचं काम तुला नंतर क्वचित दिसेल. पुरुष एका हातानं सांडशीत लाल लोखंड धरतो, दुसऱ्या हातातल्या हातोडीनं ऐरणीवर ताल देतो, आणि त्या तालावर त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून घालते. लोखंड म्हणजे ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा. त्यातूनच विळे, खुरपी आणि कोयते निघतात. घडवून झालं की पाणी पाजायचं. तापलेलं पातं पाण्यात बुडालं की चर्रर्र होतं, पण तेवढ्यानं काम संपत नाही. इतकं कडक पातं दगडावर पडलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून तो घासून त्याचा पांढरा पट्टा उघडा करतो आणि हलक्या आचेवर धरतो. पट्ट्यावर आधी गवताच्या काडीचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबला तर धार कडक राहते, निळ्यापर्यंत गेला तर पातं लवचिक होतं. नेमकं कुठं थांबायचं ते त्याचे डोळे ठरवतात. तुझ्या चाकूची खीळ तो दोन ठोक्यांत बसवतो आणि पैसे घेत नाही. आई त्याच्या बायकोला सूपभर ज्वारी देते.

पोलाद जाणणारी माणसं या मुलखात जुनी आहेत. इथून आणखी सव्वाशे वर्षं मागं चल, मिरजेला. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याची गादी खालसा केली आहे. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान आहे, पण लढाया संपल्यात. तलवारींना, भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरात काम उरलेलं नाही. त्यांच्यातले फरीदसाहेब हातात भोपळा घेऊन बसलेत. भीमेकाठच्या रानातला कडू, मोठा, वाळवलेला भोपळा. तो कुठं कापायचा, किती जाड ठेवायचा, याचा अंदाज घेतायत. त्यांच्या घराण्यानं इथून पुढं तंबोरे आणि सतारी घडवल्या, गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले तेव्हा गावात असे कारागीर होते, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्र गेलं तरी शस्त्रानं शिकवलेला हात गेला नाही. मिरजेतून जाताना मला दर वेळी या माणसांचा अभिमान वाटतो.

परत ये. १९७५चाच ऑक्टोबर, खंडेनवमी. पाटावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, आजोळचा जुना अडकित्ता, आणि आबांनी सांगितलं म्हणून शेवटी तुझा चाकू. त्यालाही हळदकुंकू, झेंडूचं फूल.

दसरा झाला की कृष्णाकाठी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. तुझी मावशी रेठऱ्याजवळ राहते, कृष्णा कारखान्याच्या टापूत. तिच्या उसाला तोड आली आहे. माणसं बीडकडची. त्यांच्यात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. फडात तुझ्याएवढीच एक मुलगी वाढं गोळा करतेय. तिच्या हातात खराखुरा कोयता आहे. तू तुझा पितळी मासा काढून दाखवतोस. ती नखावर धार बघते आणि हसते.

"हा खेळायचा हाय," ती म्हणते.

तुला वाईट वाटतं, पण ती म्हणाली ते खरं आहे. तुझ्या पात्यानं तुला बालपण दिलं, तिच्या पात्यानं तिचं घेतलं. जुन्या चाकूंची हळहळ करताना आपण ही मुलगी विसरतो, आणि मला ते बरोबर वाटत नाही.

तू पुढच्या काळातून आलायस, म्हणून तिला माहीत नसलेली एक गोष्ट तुला माहीत आहे. पन्नासेक वर्षांनी पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' असे मथळे येतील आणि शहरातल्या पोरांना कोयता म्हटलं की दहशतच आठवेल. १९५९चा शस्त्र कायदासुद्धा केवळ घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना शस्त्र मानत नाही. कायद्याला जे कळलं ते मथळ्यांना कळलं नाही, याचा मला मनापासून राग येतो. कारण या अवजारावर अख्ख्या राज्याची साखर उभी आहे.

मुलगी तुझा चाकू परत देते. मग एक ऊस ओढते, कोयत्याच्या चार फटक्यांत पाचट आणि शेंडा उडवते, मधल्या कांड्या तोडून तुझ्या हातात ठेवते. "शेंड्याकडचा खाऊ नगं, फिक्का असतोय," ती बजावते. तिकडून आईची हाक येते. गाडी भरायची आहे, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या राहिल्यात, आणि मुकादम बांधावर येऊन उभा राहिलाय.