तुतारी : तीन स्वर आणि ओठांचा रियाज

१९ फेब्रुवारीला शिवनेरीवर तुतारी निनादते. खाली जुन्नर-आंबेगावात, मंचरजवळच्या पेठसारख्या गावांतही वरात किंवा पाहुण्यांचे स्वागत तिच्याशिवाय अपुरे वाटते. ललकारी अर्ध्या मिनिटात संपते, म्हणून तीत शिकण्यासारखे काय असणार, असा समज सहज होतो. हा धागा त्या समजाविषयी आहे. 🧵

तुतारीला छिद्रे नाहीत, कळा नाहीत, पत्तीही नाही. स्वर उत्पन्न होतो तो वादकाच्या ओठांत. मिटलेल्या ओठांतून श्वास दाबून सोडला की ते थरथरतात आणि धातूची नळी त्या थरथरीतली ठरावीक कंपनेच उचलून धरते. म्हणून हाती येतात मुख्यतः सा, प आणि वरचा सा. मधले स्वर नळीत नसतातच.

युरोपातील फ्रेंच हॉर्नची मूळ अडचण हीच. शिकारीच्या शिंगातून घडलेल्या त्या वाद्यालाही प्रारंभी कळा नव्हत्या. मात्र त्याची नळी लांब. आजच्या एफ हॉर्नची सुमारे ३.७ मीटर भरते. नळी जितकी लांब, तितके वरच्या पट्टीतले स्वर जवळजवळ येतात. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनच्या आंटोन हाम्पेल यांनी हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून उरलेले स्वर काढण्याची रीत पक्की केली. १८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांना बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचे पेटंट मिळाले. तुतारीचे रुंद तोंड वादकाच्या डोक्यावर, आभाळाकडे. तिथे हात पोहोचणारच कसा?

तेव्हा सारा भार ओठांवर पडतो. एकच स्वर न डगमगता लांबवणे. जिभेचा आघात न करता सा वरून प वर आणि पुन्हा खाली उतरणे. वाद्य बाजूला ठेवून नुसते ओठ थरथरवणे. हॉर्नचे विद्यार्थी आजही याच क्रमाने दिवस सुरू करतात. गाल फुगवून जोर लावणारा नवशिका लवकर दमतो, कारण ताकद पोटातून हवी आणि ओठांचे कोपरे घट्ट हवेत. वरचा सा चुकला तर झाकायला शेजारचा स्वरही नसतो!

या कुळातील वाद्यांचा इतिहास जुना आहे. सांचीच्या उत्तर तोरणावर परदेशी वेशातील वादक लांब कर्णे फुंकताना कोरले आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. (त्यावरून तुतारी ग्रीकांनी आणली, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल.) सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त नगारखान्यातील वाद्ये नोंदवली. गाईच्या शिंगाच्या आकाराचे पितळी शिंग दोन-दोन मिळून वाजवत, तर कर्णे चारांहून कमी नसत. एका वादकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा सुरू होई, हा व्यावहारिक लाभ त्यातून मिळत असावा.

खरा फरक पुढे पडला. हॉर्नसाठी कोप्राशचे सराव-पाठ १८३०च्या दशकात छापले गेले आणि ते आजही विद्यार्थ्यांच्या हाती असतात. महाराष्ट्रात फुंकवाद्यांची विद्या होलार, मातंग, गुरव अशा समाजांतील वाजंत्री घराण्यांनी बापाकडून मुलाकडे नेली. पालखीला मान, राजाला मुजरा आणि वादक मात्र रांगेच्या कडेला, अशी ती व्यवस्था होती. त्यांचा रियाज कुणी शाहिरी कवनांसारखा उतरवून घेतला नाही.

आता कित्येक समारंभांत तुतारी स्पीकरवरून वाजते. ध्वनिमुद्रणातला वरचा सा कधीच चुकत नाही. त्याला सुपारी द्यावी लागत नाही आणि त्याच्या शेजारी उभे राहून ओठ कसे धरायचे हे पाहणारा मुलगाही नसतो.