न दिसणाऱ्याचा नकाशा

घराचा नकाशा काढता येतो, कारण घर जागा व्यापतं. प्रोग्रॅम जागा व्यापत नाही. मग त्याचा नकाशा काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, प्रोग्रॅम लिहिणं हे आमचं काम नव्हे. पण पाहणं आणि समजणं यांत फरक काय, हा प्रश्न आमचाच आहे.

१९४७ साली हर्मन गोल्डस्टाईन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनमध्ये एक अहवाल लिहिला. संगणकाला आज्ञा देण्याआधी चौकटी आणि बाण काढून गणिताचा प्रवाह मांडावा, असं त्यात होतं. म्हणजे आधी चित्र, मग प्रोग्रॅम. १९५९ मध्ये आयबीएमच्या लोइस हेब्ट यांनी क्रम उलटा केला. तयार प्रोग्रॅम वाचून फ्लोचार्ट यंत्रानेच काढायचा. बघा, इथे चित्राचा हेतूच पालटला. पूर्वी ते स्वतःच्या विचारासाठी होतं, आता दुसऱ्याने लिहून ठेवलेलं उमगावं म्हणून.

पण उमगतं का? १९७७ मध्ये बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिले. तपशीलवार फ्लोचार्टचा वाचणाऱ्याला काही खास फायदा दिसला नाही. आमच्या मते कारण साधं आहे: मजकुरात जे आहे तेच चित्राने पुन्हा सांगितलं, तर ज्ञानात भर कुठून पडणार?

१९८६ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांनी घाव मुळावरच घातला. सॉफ्टवेअर स्वभावतःच अदृश्य आहे, त्याचं एक चित्र होत नाही; आज्ञांचा क्रम, माहितीचा प्रवाह, परस्परावलंबन अशी अनेक चित्रं एकमेकांवर पडतात. आपल्याकडे अंधगजन्याय आहे. तिथे निदान हत्ती तरी असतो! इथे हत्तीला शरीरच नाही.

मग चित्रं व्यर्थ का? नाही. १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी अर्ध्या तासाचा चित्रपट केला. आकडे क्रमाने लावण्याच्या नऊ पद्धती पडद्यावर चालताना दिसतात. एक रखडते, दुसरी झपाट्याने पुढे जाते. कागदावरच्या मजकुरात ही गती डोळ्यांना दिसत नाही. १९९२ मध्ये बेल लॅब्जच्या स्टीफन आइक आणि सहकाऱ्यांनी सीसॉफ्ट मांडलं. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ म्हणजे एक बारीक रंगीत रेघ. नुकती बदललेली लाल, जुनी निळी. हजारो ओळी एका पडद्यावर. लाल कुठे दाटलाय, तिथे आधी बघायचं.

या दोन्हींनी 'प्रोग्रॅम कसा दिसतो' हे सांगितलं नाही. एकाने विचारलं, वेग कुणाचा किती? दुसऱ्याने विचारलं, हात कुठे फिरलाय? म्हणजे चित्र उपयोगी पडतं ते प्रश्न नेमका असेल तेव्हा. अनोळखी प्रोग्रॅम ज्याच्या गळ्यात पडलाय, त्याला सुबक चित्र धीर देतं, आणि धोका तिथेच आहे. धीर आला म्हणजे समजलं, असं नव्हे. समजलं की नाही याची कसोटी एकच: ही ओळ बदलली तर काय होईल, हे आधी सांगता येतं का?