नॉर्डकॅप भूशिर

नॉर्डकॅप हे नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील मागेरया बेटावर, ७१° १०′ उत्तर अक्षांश आणि २५° ४७′ पूर्व रेखांश यांवर वसलेले भूशिर आहे. समुद्रात पुढे घुसून उंच कड्याने संपणाऱ्या जमिनीच्या टोकाला भूगोलात भूशिर म्हणतात. येथील कडा समुद्रातून ३०७ मीटर उभा उठलेला असून, पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच असलेल्या देवगिरीच्या डोंगराच्या तो दीडपट भरतो, मात्र त्याचा माथा म्हैसमाळच्या पठारासारखा सपाट आणि मोकळा आहे. हे साम्य रूपापुरतेच होय, कारण म्हैसमाळचा खडक लाव्हारसाच्या थरांपासून झालेला बेसाल्ट आहे, तर नॉर्डकॅपचा खडक जुन्या गाळावर दाब आणि उष्णता यांचा परिणाम होऊन तयार झालेला, पापुद्र्यांनी सुटणारा आहे. भूशिराच्या पश्चिमेस नॉर्वेजियन समुद्र आणि पूर्वेस बॅरेंट्स समुद्र मानला जातो. या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या भाषेत त्याला दाव्वेन्यार्गा, म्हणजे उत्तरेचे टोक, असे नाव आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला या स्थानाचे महत्त्व एका तुलनेने चांगले उमगते. नॉर्डकॅप उत्तर ध्रुवापासून सुमारे २,१०० किलोमीटरवर आहे आणि संभाजीनगर विषुववृत्तापासून सुमारे २,२०० किलोमीटरवर आहे; म्हणजे एक गाव विषुववृत्तापासून जितके दूर, जवळजवळ तितकेच दुसरे ठिकाण ध्रुवापासून दूर आहे. सूर्याचे विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंशात्मक अंतर, ज्याला पंचांगात क्रांती म्हणतात, उत्तरेकडे वीस अंशांच्या जवळ पोहोचले की मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संभाजीनगरात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस राहून सावली दक्षिणेकडे पडते. नॉर्डकॅपवर मध्यरात्रीचा सूर्य दिसण्याचा काळ थोड्याफार दिवसांच्या फरकाने हाच आहे: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो तेथे मावळतच नाही. अंगणात उभ्या केलेल्या काठीची दुपारची सावली दक्षिणेकडे वळलेली पाहणाऱ्याने, त्या दिवसांत नॉर्डकॅपच्या कड्यावर रात्र नाही, असे खुशाल समजावे.

२१ जूनला संभाजीनगरचा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा वर जातो. नॉर्डकॅपला त्या दिवशी सूर्य दुपारी दक्षिणेस सुमारे ४२ अंशांवर असतो आणि उत्तररात्री उत्तर क्षितिजापासून साडेचार अंशांवर येऊन, न टेकता, पुन्हा वर चढू लागतो. हा सर्वांत खालचा क्षण घड्याळात बाराला येत नाही. उन्हाळ्यात नॉर्वेची घड्याळे एक तास पुढे केलेली असल्याने तो बारा वाजून पंधरा-वीस मिनिटांनी येतो, म्हणून बाराच्या ठोक्याला छायाचित्र काढून परत फिरणे हे घाईचे ठरते. याच्या उलट, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, तरी भर दुपारी तो क्षितिजाच्या थोडाच खाली असल्यामुळे काही तास निळसर संधिप्रकाश टिकतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ या इंग्रजी ग्रंथात ऋग्वेदातील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ स्थान ध्रुवीय प्रदेशात मानले होते. तो निष्कर्ष आज विद्वानांना मान्य नाही. परंतु अनेक मराठी वाचकांच्या मनात आर्क्टिकच्या लांबलेल्या पहाटेचे कुतूहल त्या ग्रंथानेच रुजवले, आणि ध्रुवीय आकाशाचे गणित त्यात ज्या आस्थेने मांडले आहे त्याचे मोल निष्कर्ष बाजूला ठेवूनही उरते.

युरोपीय नकाशांवरचे या भूशिराचे नाव १५५३ चे आहे. चीनकडे जाणारा ईशान्य सागरी मार्ग शोधण्यासाठी निघालेल्या इंग्रज मोहिमेतील, रिचर्ड चॅन्सेलर यांच्या जहाजाचे नाखवे स्टीफन बरो यांनी ते दिल्याचे मानले जाते. त्या मोहिमेला चीन सापडला नाही, पण चॅन्सेलर रशियात उतरून मॉस्कोला पोहोचले. केवळ पाहण्याच्या इच्छेने आलेला पहिला ज्ञात प्रवासी म्हणून इटलीतील रावेन्नाचे धर्मोपदेशक फ्रांचेस्को नेग्री यांचे नाव घेतले जाते, ते १६६४ मध्ये येथे आले. स्वीडन-नॉर्वेचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या १८७३ च्या भेटीनंतर येथे सहली सुरू झाल्या, आणि १९०७ मध्ये सयामचे राजे चुलालाँगकॉर्न यांनी येथील खडकावर आपली नाममुद्रा कोरवली. त्या काळी प्रवासी हॉर्नविका या लहानशा खाडीत होडीने उतरत आणि तेथून सारा कडा पायी चढून माथ्यावर येत. मोटाररस्ता १९५६ मध्ये झाला, तर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, ६.८७ किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खाली उतरणारा बोगदा १९९९ मध्ये खुला झाला. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, या भूशिरासमोरच्या समुद्रात २६ डिसेंबर १९४३ रोजी ‘शार्नहोर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका बुडाली आणि तिच्यावरील १,९०० हून अधिक खलाशांपैकी अवघे ३६ वाचले.

बेटावरील मुख्य गाव होनिंग्सवोग हे भूशिरापासून सुमारे ३४ किलोमीटरवर आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते जाळले तेव्हा १८८५ चे चर्च तेवढे उभे राहिले, आणि परतलेल्या लोकांनी घरे बांधेपर्यंत त्याचाच आसरा घेतला. उत्तर अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे येथील समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे मासेमारी अखंड चालते. या किनारपट्टीवर कॉड मासा मीठ न लावता, शेपटीशी जोडीने बांधून लाकडी मांडवांवर टांगतात आणि थंड वाऱ्यावर वाळवतात. कोकणात बोंबील वाळवताना पाहिलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल, फक्त येथे उन्हाचे काम वारा करतो. वसंतात सामी पशुपालकांचे रेनडियर चराईसाठी बेटावर आणले जातात आणि शरदात ते सामुद्रधुनी पोहून मुख्य भूमीकडे परततात. गवताच्या मागे ऋतूनुसार कळप हलवण्याची ही पद्धत आपल्याकडील धनगरांच्या चालीशी नाते सांगते आणि पर्यटनाच्या गर्दीत तिच्याकडे होणारे दुर्लक्ष खटकते.

संभाजीनगरहून येणाऱ्या प्रवाशाला चिकलठाणा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्लीमार्गे ऑस्लो आणि तेथून उत्तर नॉर्वेतील आल्टा किंवा ट्रोम्सो गाठावे लागते. पुढचा मार्ग मोटारीचा अथवा बोटीचा आहे. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय नागरिकाला शेंगेन व्हिसा लागतो. माथ्यावर एकही झाड नाही, वारा अडवणारे काही नाही, आणि जुलैतही तापमान बहुधा दहा अंशांच्या आसपास असते. समुद्रावरून धुके चढले म्हणजे कड्याच्या टोकावरचा पोलादी पृथ्वीगोलही दिसेनासा होतो. म्हणून एकाच संध्याकाळवर भिस्त न ठेवता होनिंग्सवोगला किमान दोन मुक्काम करावेत. हिवाळ्यात शेवटचे १३ किलोमीटर बर्फ हटवणाऱ्या गाडीमागे रांगेने, ठरलेल्या वेळीच जावे लागते.

युरोपचे उत्तर टोक ही नॉर्डकॅपची ख्याती काटेकोर अर्थाने खरी नाही. मुख्य भूमीचे उत्तर टोक पूर्वेकडील किन्नारोडेन हे आहे, आणि मागेरया बेटावरही शेजारचे क्निव्हशेलोडेन हे सखल टोक सुमारे दीड किलोमीटर अधिक उत्तरेस जाते. तेथे मोटार जात नाही. जाऊन-येऊन १८ किलोमीटरची, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जाणारी पायवाट आहे. ती चालणारे थोडे असतात, पण नॉर्डकॅपचा सबंध कडा, पायथ्याशी फुटणाऱ्या लाटांपासून सपाट माथ्यापर्यंत, एका नजरेत दिसतो तो त्या टोकावरूनच.