आश्रय आणि करार : गोव्याच्या सीमेवरील एक जुने प्रकरण

नरगुंदचे बंड वर्गात शिकविताना एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. नरगुंदकर बाबासाहेब भावे यांच्या बंडात मे १८५८ च्या अखेरीस इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि पुढच्या पंधरवड्यातच, १२ जून रोजी, बाबासाहेबांना बेळगावास फाशी देण्यात आले. 'गोवा इतका जवळ असता ते तिकडे का गेले नाहीत?' असे मुले विचारतात. प्रश्न भाबडा नव्हे. बेळगाव-धारवाडच्या पश्चिमेस घाट उतरला की त्या काळी दुसरे राज्य लागे. नरगुंदकरांना तेथवर पोहोचता आले नाही. जे पोहोचले त्यांचे काय झाले, हे पाहिले म्हणजे शेजारच्या दोन सत्तांमधील सीमा ही परागंदा माणसाला कितपत आसरा देते, याचा काहीसा उलगडा होतो.

१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातील सामानगडच्या गडकऱ्यांनी बंड केले. त्याची धग लवकरच सावंतवाडीस पोहोचली. तेथील मातबर सरदार फोंड सावंत तांबुळकर आपल्या मुलांसह उठले आणि युवराज अण्णासाहेब त्यांना जाऊन मिळाले. कर्नल औट्रम याने मनोहरगडाकडे मोर्चा वळविल्यावर १८४५ च्या आरंभी ही मंडळी सीमा ओलांडून गोव्यात शिरली. इंग्रजांनी त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. गोव्याचा गव्हर्नर पेस्ताना याने हे राजकीय आश्रित आहेत, या भूमिकेवरून ती नाकारली. भोवती इंग्रजांचा अंमल आणि स्वतःचे सामर्थ्य बेताचे, अशा सत्तेने दिलेला हा नकार होता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यात भूतदया किती आणि आपले सार्वभौमत्व जपण्याची धडपड किती, याचा हिशेब करणे कठीण. तथापि आश्रिताच्या दृष्टीने फळ एकच होते, त्याचा जीव वाचला. ज्या युवराजाला बंडखोर म्हणून पळावे लागले, तेच अण्णासाहेब पुढे १८६७ मध्ये सावंतवाडीच्या गादीवर बसले. आश्रय मिळाला नसता तर हे घडते, असे म्हणवत नाही.

चौदा वर्षांनी मात्र त्याच सीमेवर निराळे चित्र दिसते. १८५८ मध्ये फोंड सावंतांच्या मुलांनी पुन्हा उठाव केला. सूपे-हल्याळकडील दाट रानांत या बंडाळीने इंग्रजांना बराच काळ हैराण केले. अखेर १८५९ मध्ये सावंत बंधू पोर्तुगिजांना शरण गेले. पोर्तुगिजांनी त्यांना पूर्वीसारखे गोव्यात ठेवून घेतले नाही. त्यांना समुद्रापार तिमोर बेटावर पाठविण्यात आले. नरगुंदकरांच्या वाट्याला फाशी आली, सावंतांच्या वाट्याला तिमोर. सीमेने त्यांचा जीव राखला, पण देश राखला नाही.

मधल्या काळात काय बदलले? आमच्या मते याचे उत्तर गोव्याच्या पोटातच शोधावे लागेल. १८५२ ते १८५५ या काळात सत्तरीत दीपाजी राणे यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड केले होते. शेजाऱ्याच्या बंडखोराला आपण थारा दिला, तर आपल्या बंडखोराला शेजारीही देईल, हा धडा त्यातून पणजीच्या राज्यकर्त्यांनी घेतला असावा. शिवाय १८५७ नंतर इंग्रज सत्ता अधिक संशयी आणि कठोर झाली होती. दोन शेजाऱ्यांची भीती एक झाली आणि आश्रिताची जागा आकसली.

पुढे या समजुतीला लेखी रूप आले. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात त्यांच्या हिंदुस्थानातील मुलखांविषयी जो तह झाला, तो व्यापाराचा तसाच गुन्हेगारांच्या प्रत्यर्पणाचाही होता. जकातीचे अडसर निघाले, मिठाची व्यवस्था इंग्रजांकडे गेली, त्याबद्दल गोवा सरकारास वर्षाला चार लाख रुपये ठरले. आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारा लोहमार्ग आमच्या हुबळीस येऊन मिळाला. १८९२ मध्ये तह संपला, रेल्वे राहिली. माल आणि मजूर यांना सीमा सोपी करणाऱ्या त्याच तहाने फरारी माणसाला ती अवघड केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शेजाऱ्यांचे सहकार्य ही चांगलीच गोष्ट. परंतु ते कोणाच्या सोयीचे, हे विचारल्यावाचून तिचे मोल ठरत नाही.

हा विचार केवळ जुन्या दप्तरांपुरता नाही. हुबळीहून मुंडगोडला गेले की १९६६ पासून वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत लागते. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारी आणि यात्रेकरू यांच्या ये-जा करण्याचे नियम होते, निर्वासिताला मात्र त्यात जागा नव्हती. पाच वर्षांनी दलाई लामा भारतात आले, तेव्हा त्यांना आश्रय मिळाला तो सरकारच्या निर्णयाने. म्हैसूर राज्याने जमीन दिली, शेती उभी राहिली, मठ उभे राहिले. तथापि १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झालेला नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. म्हणजे येथेही आश्रिताचा आधार आश्रयदात्याची इच्छा हाच आहे. ती येथे उदार राहिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण १८४५ ची उदार इच्छा १८५९ मध्ये टिकली नाही, हेही आम्ही शिकवितो.

शिक्षकबंधूंना आमची विनंती एवढीच, की बंडांचा इतिहास सांगताना फाशीच्या वेदीपाशी थांबू नये. सीमेपलीकडे गेलेल्यांचीही कथा सांगावी. म्हणजे वरील प्रश्न विचारणाऱ्या मुलांना उत्तर मिळेल, आणि मुंडगोडचा कोणी तिबेटी हुबळीच्या बाजारात भेटला तर तो आपल्या इतिहासाला अगदीच परका नाही, हेही त्यांना उमगेल.