डनीडिनची हजार मुले

व्यसनामुळे मन बिघडते की मन आधीच बिघडलेले असल्याने तरुण व्यसनाकडे वळतो, हा वाद मानसोपचारात फार जुना आहे. दवाखान्यात तो सुटत नाही. रुग्ण येतो तेव्हा दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या असतात आणि आधी काय झाले हे त्याच्या किंवा घरच्यांच्या आठवणीवरून ठरवावे लागते. त्यावर उपाय एकच: मुले लहान व निरोगी असतानाच त्यांची नोंद करायची आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग सोडायचा नाही.

गांजा-चरसाच्या बाबतीत असा पहिला ठळक पुरावा स्वीडनमधून आला. तिथे १९६९-७० मध्ये लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या तरुणांकडून अमली पदार्थांविषयी प्रश्नावली भरून घेतली होती. त्यांपैकी ४५,५७० जणांची उत्तरे पुढील १५ वर्षांच्या रुग्णालयीन नोंदींशी जुळवून आंद्रेयासन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. पन्नासहून अधिक वेळा नशा केल्याचे सांगणाऱ्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कधीच न केलेल्यांच्या सहापट निघाले. आकडा मोठा होता, पण माहिती आयुष्यात एकदाच विचारलेली होती आणि प्रश्नावली निनावी नव्हती. लष्कराच्या कागदावर किती जणांनी खरे लिहिले असेल, ही शंका तेव्हाही घेतली गेली. शिवाय नशा सुरू होण्यापूर्वी या मुलांची मनःस्थिती कशी होती, हे त्या कागदांतून नीट कळत नव्हते.

ही उणीव न्यूझीलंडमधील डनीडिनच्या अभ्यासाने भरून काढली, तीही मूळ हेतू वेगळा असताना. तेथील क्वीन मेरी प्रसूतिगृहात १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या काळात जन्मलेल्या बालकांच्या आरोग्याची नोंद आधीच झालेली होती. त्यांतली जी मुले तिसऱ्या वर्षी ओटागो प्रांतातच राहत होती, त्यांना फिल सिल्व्हा यांनी पुन्हा तपासणीसाठी बोलावले. १,०३७ मुले आली. विषय होता वाढ, भाषा, श्रवण असा बालवयातला. गांजाचा तेव्हा कोणी विचारही केलेला नसावा. पुढे पाच, सात, नऊ, अकरा, तेरा, पंधरा अशी वये येत गेली, मुलांबरोबर प्रश्नही मोठे होत गेले.

अकराव्या वर्षीच्या तपासणीत मानसोपचारतज्ज्ञाने मुलांना विचारले होते की कुणाला न ऐकू येणारे आवाज तुला ऐकू येतात का, कोणी तुझ्या मनातले ओळखते का. हे प्रश्न अभ्यासाला पुढे फार उपयोगी पडले. लुईझ आर्सेनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढू लागलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासदृश विकार होता, इतरांत तो ३ टक्के होता. मात्र अकराव्या वर्षीची लक्षणे हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच सौम्य झाला. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढू लागलेल्यांच्या गटात एकूण २९ मुले होती, म्हणून दहा टक्के म्हणजे तिघेजण. जगभर उद्धृत झालेल्या या आकड्यामागे तीन माणसे आहेत, हे क्वचितच सांगितले जाते.

संख्या लहान असूनही या अभ्यासाला वजन आहे, त्याचे कारण गळती नगण्य आहे. अशा संशोधनात नेमकी व्यसनी, आजारी, तुरुंगात गेलेली माणसेच आधी हरवतात आणि उरलेल्यांवरून चित्र खोटे गुलाबी दिसते. डनीडिनच्या संशोधकांनी परदेशी स्थायिक झालेल्यांनाही प्रवासखर्च देऊन बोलावून घेतले आणि सांगितलेली माहिती बाहेर जाणार नाही, हा शब्द पाळला. पंचेचाळिसाव्या वर्षी, हयात ९९७ जणांपैकी ९३८ जण तपासणीला आले.

आठवणीवर किती विसंबावे, याचाही हिशेब याच अभ्यासाने दिला. तरुणांनी अठराव्या वर्षी सांगितलेले बालपण आणि त्या काळात लिहून ठेवलेल्या नोंदी यांचा मेळ अनेकदा बसेना. तसेच सव्विसाव्या वर्षी मानसिक विकार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पंधराव्या वर्षाआधीच काही ना काही विकाराचे निदान होऊ शकत होते, असे २००३ मध्ये दिसून आले. मानसिक आजार प्रौढपणी अचानक येतो, ही समजूत त्यामुळे ढिली पडली.

फार गाजला तो याच अभ्यासातला २०१२ चा बुद्ध्यंकाचा निबंध. किशोरवयात गांजा सुरू करून वर्षानुवर्षे त्याच्या आहारी गेलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरी आठ गुणांनी घसरला होता, असे मॅडलिन मायर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ ओले रॉगबर्ग यांनी लगेच आक्षेप घेतला की या घसरणीमागे गरिबी व सामाजिक स्तराचा फरक असू शकतो. जुळ्या भावंडांवरील २०१६ च्या अमेरिकी संशोधनात, गांजा ओढणारे भावंड न ओढणाऱ्यापेक्षा तितके मागे पडलेले आढळले नाही. वाद मिटलेला नाही. डनीडिनचे बहुतेक सहभागी युरोपीय वंशाचे असल्याने निष्कर्ष इतर समाजांना लागू करतानाही हात आखडता घ्यावा लागतो.

२००० पासून अभ्यासाची सूत्रे सांभाळणारे रिची पोल्टन २०२३ मध्ये वारले. त्याआधीच, २००७ मध्ये, सहभागींच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला होता. त्यांना पंधराव्या वर्षी तपासले जाते. आरंभी पंधरा वर्षांची मुले असलेले पालक स्वतः पस्तिशीच्या आतबाहेर होते, म्हणजे विशीतच आईबाप झालेले. म्हणून सुरुवातीचे निष्कर्ष साऱ्या पिढीचे मानता येत नव्हते.