साठा वाढला, वेग घटला

२००२ सालची गोष्ट आहे. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात तीस संगणक होते आणि त्या सर्वांना मिळून इंटरनेटची एकच तार होती, सेकंदाला ६४ किलोबिट क्षमतेची. मुलांना हे सांगताना मी त्यांना भागाकार करायला लावत असे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला आठ हजार बाइट. एक साधे चित्र तेरा हजार बाइटांचे धरले, तर एकट्याला ते दीड-पावणेदोन सेकंदांत मिळेल. तिसांनी तीस वेगळी चित्रे एकदम मागितली, तर सगळी यायला पन्नास सेकंद लागतील.

पण तिसांनी एकच चित्र मागितले तर? तेच चित्र तीस वेळा तारेवरून आणण्यात अर्थ नाही. म्हणून मध्ये एक मध्यस्थ संगणक बसवतात. मुलांच्या सर्व मागण्या त्याच्याकडे जातात, तो बाहेरून पान आणतो, मागणाऱ्याला देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. पुढच्या माणसाला ती घरच्या घरी मिळते. ह्यालाच प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. आमच्याकडे त्यावर ‘स्क्विड’ नावाची विनामूल्य प्रणाली चालत असे आणि तिची देखभाल, दुसरे कोणी तयार नसल्यामुळे, माझ्याकडे आली होती.

जुलैमध्ये आम्ही त्या संगणकाला मोठी हार्ड डिस्क बसवली. पूर्वी पानांच्या साठ्यासाठी दोन गिगाबाइट जागा होती, ती दहा केली. प्रती जास्त राहतील, तार मोकळी होईल, असा सरळ हिशेब होता. सप्टेंबरच्या अखेरीस सर्व्हरने मान टाकली. एकेक पान उघडायला तीन-तीन, चार-चार मिनिटे. आमच्या मुलांपैकी बरीचशी राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा ह्या बाजूंनी एसटीने येत. आठवड्यातून दोन तासांची तुकडी, एवढाच त्यांचा इंटरनेटशी संबंध. ते दोन तास कोऱ्या पडद्याकडे पाहण्यात गेले की तो आठवडा गेला.

माझा पहिला संशय असा की प्रणालीत कुठेतरी गळती आहे, म्हणजे ती मेमरी घेते आणि परत करत नाही. अशा वेळी प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली की काही काळ तरी बरे वाटते. येथे दहा-पंधरा मिनिटांत पहिले पाढे पंचावन्न. तार पाहिली तर ती जवळजवळ मोकळी. प्रोसेसरही निवांत. फक्त डिस्कचा लाल दिवा सारखा पेटलेला. एक विद्यार्थिनी प्रत्येक तासाला पहिले पान उघडायला लागणारा वेळ वहीत टिपून ठेवत असे. ती म्हणाली, “सर, जुलैपासून वेळ कमीच होत होता. मागच्या आठवड्यात एकदम चौपट झाला.” हळूहळू बिघडले नव्हते, एकदम कोसळले होते. ह्या एका नोंदीने मला योग्य वाट दाखवली. ती वाट चाळीस वर्षे मागे जाते.

आपल्याकडचा पहिला मोठा स्वदेशी संगणक टिफ्रॅक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या गटाने तो बांधला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्याच्या मेमरीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. गुणाकार केला तर १०,२४० बाइट येतात. म्हणजे वर धरलेले आपले तेरा हजार बाइटांचे चित्र टिफ्रॅकच्या संपूर्ण मेमरीत मावले नसते! लोहकणांच्या बारीक कड्या तारांत ओवून बनवलेली ही मेमरी फार महाग असे, म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्याला जागेची सतत काटकसर करावी लागे.

त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९६२ ला, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात ‘ॲटलस’ हा संगणक सुरू झाला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक विलक्षण युक्ती केली होती. जलद मेमरी १६ हजार शब्दांची आणि तिच्यामागे फिरत्या पिंपावरची मंद मेमरी ९६ हजार शब्दांची. पण कार्यक्रम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच दिसायची. ५१२ शब्दांचे एक ‘पान’ धरून यंत्र स्वतःच पाने पुढे-मागे करी. पुढे जागा हवी असेल तेव्हा कोणते पान मागे धाडायचे, हे ठरवण्यासाठी पानांच्या पूर्वीच्या वापराची नोंद ठेवली जाई. ह्या युक्तीने कार्यक्रम लिहिणाऱ्याची डोकेदुखी गेली, पण कोणाला हाताशी ठेवावे आणि कोणाला मागे धाडावे हा नवा प्रश्न उभा राहिला.

१९६६ साली आयबीएममधील लॅझ्लो बेलाडी ह्यांनी त्याचे आदर्श उत्तर मांडले: ज्या पानाची गरज सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढावे. अडचण इतकीच की भविष्य कोणाला ठाऊक नसते. मग भूतकाळावरून अंदाज करायचा. एक रीत अशी की जे पान सर्वांत आधी आले ते आधी काढायचे. दुसरी अशी की जे सर्वांत जास्त काळ वापरले गेलेले नाही ते काढायचे. दोन्ही रीती कानाला सारख्याच रास्त वाटतात.

वर्गात करून पाहण्याजोगा एक खेळ येथे सांगतो. पाच मुलांना १ ते ५ क्रमांक द्या. फळ्याजवळ तीन खुर्च्या मांडा आणि क्रमांक ह्या ओळीने पुकारा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. पुकारलेला मुलगा खुर्चीवर असेल तर ठीक. नसेल तर त्याला बोलवावे लागेल आणि खुर्ची रिकामी नसल्यास जो आधी येऊन बसला होता तो उठेल. एकूण नऊ वेळा बोलवावे लागते. आता चौथी खुर्ची मांडा आणि तोच खेळ पुन्हा करा. मुले म्हणतील, आता कमी वेळा बोलवावे लागेल. प्रत्यक्षात दहा वेळा लागते! बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हा चमत्कार प्रसिद्ध केला. ‘जास्त काळ न वापरलेला उठेल’ हा नियम लावला तर तीन खुर्च्यांना दहा आणि चार खुर्च्यांना आठ वेळा, म्हणजे खुर्ची वाढल्याचा फायदा होतो. मात्र तीनच खुर्च्या असताना हा शहाणा नियम भोळ्या नियमापेक्षा मागे पडतो, हेही मुलांच्या नजरेतून सुटू देऊ नये.

आमच्या सर्व्हरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम पीटर डेनिंग ह्या अमेरिकन संशोधकाचे. कोणत्याही कामाला ठरावीक काळात काही पाने पुन्हा पुन्हा लागतात. तेवढी पाने मेमरीत मावली तर काम झरझर चालते. थोडीशी जरी कमी मावली, तरी वेग थोडासा उतरत नाही, कोसळतो. ओटा लहान असला की फडताळातून एक डबा काढताना ओट्यावरचा दुसरा आत ठेवावा लागतो आणि नेमका तोच पुढच्या क्षणी लागतो. शेवटी स्वयंपाक बाजूला राहतो आणि डब्यांची ने-आण तेवढी चालते. डेनिंगनी १९६८ साली ह्या अवस्थेचा खुलासा केला. आमच्या सर्व्हरच्या काळात मेमरीतून माहिती काढण्यापेक्षा डिस्कवरून काढायला सुमारे एक लाखपट वेळ लागे. मेमरीला एक सेकंद लागतो असे धरले तर डिस्कला सत्तावीस-अठ्ठावीस तास. लाल दिव्याचा अर्थ आता लागला. सर्व्हर पाने देत नव्हता, स्वतःचीच मेमरी डिस्कवर नेत-आणत होता.

पण मेमरी भरली कशाने? ते समजण्यासाठी मध्यस्थ संगणकांचा इतिहास थोडक्यात पाहू. मे १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न येथे वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस ह्यांनी प्रती साठवणाऱ्या मध्यस्थाचे वर्णन केले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी वेगळा कारकून उभा राही. १९९६ साली ड्युएन वेसेल्स ह्यांच्या देखरेखीखाली आलेल्या स्क्विडमध्ये एकच कारकून सर्वांची कामे आळीपाळीने करतो. त्यामुळे तो अतिशय चपळ असतो. पण त्याचा एक कागद डिस्कवर गेला, तर तो परत येईपर्यंत संपूर्ण रांग थांबते. आपल्या देशात अशा मध्यस्थाची गरज अधिक होती, कारण तारा अरुंद होत्या. मुंबईच्या एनसीएसटी ह्या संस्थेतून १९८९ साली अमेरिकेला जोडलेली तार सेकंदाला अवघ्या ९.६ किलोबिटची होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केले.

आता मुख्य मुद्दा. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. कोणत्याही जुन्या वाचनालयात पुस्तके आतल्या कपाटांत आणि त्यांची कार्डे पुढच्या खणांत असतात. पुस्तक आहे की नाही हे पाहायला ग्रंथपाल कपाटे धुंडाळत नाही, खण उघडतो. स्क्विडही तेच करतो. पाने डिस्कवर असतात, पण प्रत्येक पानाचे कार्ड मेमरीत असते. सरासरी तेरा किलोबाइटची एक वस्तू धरली तर एका गिगाबाइटमध्ये सुमारे ऐंशी हजार वस्तू मावतात आणि प्रत्येकीच्या कार्डाला सुमारे १३० बाइट लागतात. म्हणजे डिस्कवरच्या दर गिगाबाइटमागे मेमरीतले दहा मेगाबाइट.

आमच्या सर्व्हरची एकूण मेमरी १२८ मेगाबाइट होती. दोन गिगाबाइटच्या साठ्याला वीस मेगाबाइटची कार्डे पुरत. दहा गिगाबाइटला शंभर लागणार होती. आठवड्याला साधारण एक गिगाबाइट नवी पाने साठत होती, म्हणून जुलैत काही जाणवले नाही आणि सप्टेंबरअखेर कार्डांचे खण दाराबाहेर आले. पुन्हा सुरू केल्याने काही साधत नव्हते, कारण प्रणाली जागी होताच सारी कार्डे नव्याने मेमरीत मांडत असे. माझी स्वतःची चूक वेगळीच. मेमरीसाठी ‘३२ मेगाबाइट’ असा आकडा मी नोंदवला होता आणि स्क्विड तेवढीच मेमरी वापरेल असे समजून बसलो होतो. तो आकडा फक्त ताज्या पानांच्या साठ्याचा होता. कार्डांची जागा त्याच्यावर वेगळी.

साठा चार गिगाबाइटवर आणला आणि तो आकडा ८ केला. प्राचार्य मूळचे शिरोळ तालुक्यातले शेतकरी कुटुंबातले. एवढी डिस्क घेऊन अर्धी रिकामी का ठेवता, असे त्यांनी विचारलेच. मी त्यांना बंधाऱ्याच्या बरग्यांची आठवण दिली. आमच्या जिल्ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंधाऱ्यांत पावसाळ्यात बरगे काढून ठेवतात आणि पाणी ओसरल्यावर घालतात. ते हसले आणि सही केली. साठा निम्म्याहून कमी केल्याने घरच्या घरी मिळणाऱ्या पानांचे प्रमाण फारसे घटले नाही, ह्याचे मात्र मला नवल वाटले. त्याचेही उत्तर तयार होते. ली ब्रेस्लाऊ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले होते की थोडी पाने पुष्कळ वेळा आणि पुष्कळ पाने एखाद-दुसऱ्या वेळी मागितली जातात. ती थोडी पाने लहान साठ्यातही असतातच. पुढे मार्चमध्ये आणखी मेमरी बसवली, तेव्हा साठा पुन्हा वाढवला, ह्या वेळी आधी गुणाकार करून.

आज असा मध्यस्थ शाळा-महाविद्यालयांत क्वचितच प्रती साठवतो. बहुतेक पाने आता कुलूपबंद होऊन येतात आणि मधल्या संगणकाला आतला मजकूर दिसत नाही. साठवण ब्राउझरमध्ये आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांत गेली आहे. मोबाइलवर एका ॲपमधून दुसऱ्यात जाऊन परत आलो की पहिले कधी कधी नव्याने उघडते, ते ह्याचमुळे: मेमरीत जागा हवी होती आणि जास्त काळ न वापरलेले कोण, हे यंत्राने पाहिले. त्या विद्यार्थिनीच्या वहीतली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याची नोंद अकरा सेकंदांची होती.