सामाईक ड्राइव्ह

मागच्या शनिवारी कपाट आवरताना कॉलेजच्या काळातली ४० जीबीची हार्ड डिस्क सापडली. कुतूहल म्हणून अडॅप्टर लावून लॅपटॉपला जोडली, तर लिनक्सने तिच्यावरची तिन्ही पार्टिशन्स मुकाट्याने उघडून दाखवली. एक विंडोजचं एनटीएफएस, एक लिनक्सचं एक्स्ट-थ्री आणि मधलं पाचेक जीबीचं एफएटी-३२. ह्या मधल्याला मी तेव्हा नाव दिलं होतं ‘धर्मशाळा’.

ज्यांनी २००३-०४ च्या सुमारास एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम्स नांदवल्या आहेत त्यांना धर्मशाळेचं प्रयोजन सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: विंडोज लिनक्सच्या पार्टिशनकडे ढुंकूनही बघायचं नाही, आणि लिनक्सला विंडोजच्या पार्टिशनमधलं वाचता यायचं, पण लिहिता येत नसे. डिस्क माझी, पैसे बाबांचे, फाईली माझ्या. तरी इकडची गाणी तिकडे न्यायची तर दोघांना चालेल अशी तिसरी जागा काढावी लागे.

गंमत म्हणजे ही तिसरी जागा तिघांत सगळ्यात जुनाट. एफएटीचा जन्म १९७७ चा, मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्डच्या हातून, तोही फ्लॉपीसाठी. कल्पना एवढी सोपी की लहानपणीचा चिठ्ठ्यांचा खेळ आठवावा. डिस्कचे खण पाडायचे आणि एका तक्त्यात प्रत्येक खणापुढे फक्त ‘पुढचा तुकडा अमुक खणात’ असं लिहायचं. फाईल कुणाची, कुणी वाचावी, कुणी खोडावी, ह्याची नोंदच नाही. धर्मशाळेत कुठे नाव विचारतात? म्हणूनच कॅमेऱ्यापासून लिनक्सपर्यंत सगळ्यांना ती जमली.

ह्या सोपेपणाची किंमत मात्र होती. एफएटी-३२ आलं १९९६ मध्ये, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर. त्यात फाईलचा आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ४ जीबीच्या वर फाईल मावत नाही. पूर्ण भरलेल्या डीव्हीडीची इमेज ठेवायला गेलात की संपलं. लिनक्समधले मालकी हक्क आणि परवानग्या इथे पाऊल ठेवताच गळून पडत. घड्याळाची तऱ्हा आणखी वेगळी. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स मुळात ग्रीनिचची धरून चालतं. सेटिंग चुकलं की लिनक्स साडेपाच तास पुढे, आणि तिथे सेव्ह केलेली फाईल विंडोजमध्ये बघावी तर ती आज रात्रीची!

मराठी माणसाला ह्यात एक जादा भेट होती. एक्सपीमध्ये ‘आजीची पत्रं’ असं फोल्डरला देवनागरीत नाव द्यावं आणि लिनक्समध्ये यावं, तर पाच प्रश्नचिन्हं, एक स्पेस, पुन्हा पाच प्रश्नचिन्हं. डिस्कवर नाव युनिकोडमध्ये अगदी धडधाकट असे. फक्त माउंट करताना यूटीएफ-८ चा पर्याय दिला नाही, तर लिनक्स ते पश्चिम युरोपच्या अक्षरांत बसवायला बघे. उघडायला जावं तर फाईलच सापडत नाही. मला हे कळायला दोन महिने लागले. तोवर मी सगळी नावं रोमन करून टाकली होती. आजही ती तशीच आहेत.

मग सरळ एनटीएफएसवर का लिहीत नव्हते? ते आलं १९९३ मध्ये, विंडोज एनटी ३.१ बरोबर. रचना उत्तम, पण तिचा पूर्ण आराखडा मायक्रोसॉफ्टने जाहीर केला नव्हता. दुकानदाराची उपमा घेऊ. एनटीएफएसमध्ये खतावणी असते (मास्टर फाईल टेबल, दर फाईलमागे सहसा १ केबीची नोंद, छोटी फाईल तर त्या नोंदीतच मावते), मोकळ्या जागेची वही वेगळी आणि शिवाय रोजकीर्द, म्हणजे आपण ज्याला जर्नल म्हणतो ते. दुसऱ्याची खतावणी अंदाजाने वाचता येते. चुकलात तर फार तर चुकीचं वाचाल. पण नोंद करायची तर सगळ्या वह्यांत, त्यांच्याच पद्धतीने, ताळा जमेल अशी करावी लागते. एक वही राहिली की पुढच्या वेळी मालक स्वतः दुरुस्तीला बसतो.

हे मला अनुभवाने कळलं. लिनक्स कर्नल २.४ च्या सेटिंग्जमध्ये एनटीएफएस लेखनाच्या पर्यायापुढे कंसात ठळक ‘डेंजरस’ असं छापलेलं होतं. मी २० वर्षांचा, मला तो शब्द आमंत्रणासारखा वाटला. कर्नल कंपाईल केला आणि प्रोजेक्ट रिपोर्ट थेट सी ड्राइव्हवर सेव्ह केला. सकाळी विंडोजने निळ्या पडद्यावर चेकडिस्क सुरू केलं. चूक माझीच, इशारा लिहिलेलाच होता. पण सबमिशन चार दिवसांवर होतं आणि पार्टनरला तोंड दाखवणं अवघड झालं. असो.

अँटन अल्तापारमाकोवने नवा ड्रायव्हर लिहिला तो ह्याच धोक्यामुळे फार जपून. २००२ मध्ये तो कर्नलमध्ये आला. पुढे त्याने लिहिण्याची परवानगी दिली, पण असलेल्याच फाईलवर, लांबी न बदलता! हट्टी लोकांनी त्यातूनही वाट काढली. विंडोजमध्ये एक भलीमोठी फाईल करून ठेवायची आणि लिनक्सने तिच्या पोटात स्वतःची फाईल सिस्टिम थाटायची. २००३ मध्ये यान क्रातोखविलने तर कमाल केली. ‘कॅप्टिव्ह’ नावाच्या त्याच्या प्रकल्पाने विंडोजचा स्वतःचाच एनटीएफएस ड्रायव्हर उचलून लिनक्समध्ये चालवला. मालकाचाच मुनीम पळवून आणला म्हणा ना.

खरी सुटका केली हंगेरीच्या साबोल्च साकाचिचने. जुन्या प्रकल्पाच्या पायावर त्याने एनटीएफएस-थ्रीजी उभं केलं, २००६ च्या जुलैत चाचणी आवृत्ती आणि फेब्रुवारी २००७ मध्ये पक्की. हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो, म्हणून कोसळला तरी अख्खं मशीन घेऊन बसत नाही. त्याच वर्षीच्या उबुंटू ७.१० मध्ये तो आपसूक मिळाला आणि माझ्या नव्या मशीनवर धर्मशाळा बांधायची गरजच उरली नाही.

तांत्रिक गाठ सुटली तरी कागदोपत्री गाठी होत्याच. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉमवर दावा लावला, त्यात एफएटीमधल्या लांब नावांची पेटंट्स होती. म्हणजे आमची धर्मशाळाही फुकट नव्हती तर! महिन्याभरात तडजोड झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने एक्सफॅटचा आराखडा स्वतःहून खुला केला. आणि पॅरागॉन कंपनीने दिलेला, पूर्ण लेखन करणारा एनटीएफएस ड्रायव्हर २०२१ च्या अखेरीस लिनक्स ५.१५ मध्ये शिरला. १९९३ ते २०२१, मोजा वर्षं.

तरीही आज ड्युअल बूट करणार असाल तर एक करा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आलं आहे. त्यात शटडाउन म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपतं आणि वह्या उघड्याच ठेवतं. लिनक्सला हे दिसलं की तो सहसा ड्राइव्ह फक्त वाचायला देतो. त्याच्याशी भांडू नका, जबरदस्तीने माउंट करू नका. विंडोजमध्ये जाऊन ते सेटिंग बंद करा.

शनिवारी जुन्या सी ड्राइव्हवर चेकडिस्कने केलेलं ‘फाउंड.०००’ फोल्डर अजून होतं. त्यातल्या एका तुकड्यात आमच्या रिपोर्टचं मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि दीड प्रकरण निघालं. पार्टनर सध्या सिंगापूरला असतो. त्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “आता सबमिट करून ये.”